जुन्या जीपचा क्लच घरी कसा जोडावा?

आठवडी बाजार करणाऱ्या व्यापाऱ्याचे दुकान चार चाकांवर असते. चाके थांबली की दुकानाला कुलूप लागले असे समजावे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी स्थापन झाला. आज त्यात जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा असे आठ तालुके आहेत. या तालुक्यांच्या गावोगावच्या बाजारांत कापड, भांडी, चपला, मणेरीचा माल घेऊन जाणारे अनेक बांधव पूर्वी जीप बाळगून होते. आता बहुतेकांनी पिकअप गाड्या घेतल्या. तरीही ज्याचा माल काळ्या मातीच्या कच्च्या रस्त्याने पावसाळ्यात न्यावा लागतो, तो आपली जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप सहसा विकत नाही.

अशा गाडीचे इंजिन दणकट असते. दगा देतो तो बहुधा क्लच. क्लच घसरू लागला की गठ्ठे लादलेली गाडी चढावर इंजिनाचा आवाज करते, पण पुढे सरकत नाही. क्लच सुटेनासा झाला की गिअर करकर वाजतात. काम गॅरेजला टाकले, तर मिस्त्रीच्या सवडीने एखादा बाजार तरी बुडतो. म्हणून काही बांधव हे काम घरच्या अंगणात करतात. काहींचे चांगले होते, काहींचे दोनदा खोलावे लागते. खोलणे कोणालाही जमते, खरे काम जोडण्यात आहे. या लेखात आम्ही मुख्यतः जोडण्याचाच विचार करणार आहोत.

आमचा धंदा कापडाचा, लोखंडाचा नव्हे. परंतु बाजाराच्या गाडीमागे अनेक वर्षे गेली, उस्ताद मंडळींच्या हाताखाली बसणे झाले, त्यातून जी गोष्ट पक्की ध्यानात आली ती सुरुवातीलाच सांगतो. क्लच जोडताना जोर लावावा लागला, तर काहीतरी चुकले आहे असे समजून तेथेच थांबावे. पुढचे सर्व सांगणे याच एका गोष्टीचा खुलासा आहे.

गाडी आणि तिचा क्लच

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या जीपगाड्या महिंद्राच्या आहेत. ही कंपनी १९४५ साली महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून सुरू केली. तेव्हा तिचे नाव महिंद्रा अँड मोहम्मद असे होते. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथे पहिले अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. अमेरिकेच्या विलिस कंपनीची जीप मुंबईत जोडण्यापासून या गाड्यांची सुरुवात झाली. पुढे पेट्रोलची जागा डिझेलने घेतली. १९८० च्या दशकातल्या एमएम ५४० मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या धर्तीचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन आले. इंजिने बदलली, गिअरबॉक्स बदलले, पण क्लचची रीत तीच राहिली. एकच कोरडी प्लेट, तिच्या एका बाजूला फ्लायव्हील आणि दुसऱ्या बाजूला प्रेशर प्लेट.

काम कसे चालते ते समजून घ्यावे. फ्लायव्हील इंजिनाबरोबर फिरते. प्रेशर प्लेट फ्लायव्हीलला बोल्टांनी जखडलेली असते, म्हणून तीही फिरते. या दोघींच्या मध्ये क्लच प्लेट दाबलेली असते. क्लच प्लेटच्या मधल्या तुंब्याला आतून खाचा असतात. त्या खाचांत गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट जातो. त्या शाफ्टचे टोक फ्लायव्हीलच्या मधोमध असलेल्या लहानशा पायलट बुशात किंवा बेअरिंगमध्ये टेकते. आपण पायडल दाबतो तेव्हा आतला फाटा रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर दाब देते, प्रेशर प्लेट मागे सरकते आणि मधली प्लेट मोकळी होते. इंजिन फिरत राहते, गिअर थांबतो. पायडल सोडले की स्प्रिंगांचा दाब पुन्हा प्लेटला पकडतो.

यातून दोन गोष्टी निघतात. प्लेट नेमकी मधोमध नसेल, तर शाफ्ट बुशापर्यंत पोहोचणारच नाही. आणि प्लेट व तिच्या दोन्ही बाजू स्वच्छ नसतील, तर पकड येणार नाही.

आधी जिवाची काळजी

बाजार बुडाला तर पुढच्या आठवड्यात भरून निघतो. गाडीखाली दबलेला माणूस भरून निघत नाही. म्हणून पुढील गोष्टींत कोणतीही सवलत घेऊ नये.

गाडी सपाट, पक्क्या फरशीवर घ्यावी. मातीच्या अंगणात जॅक खचतो. बॅटरीची तार आधी काढावी. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. येथे एक बारकावा आहे. जुन्या विलिस पद्धतीच्या जीपमध्ये हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर लागतो. प्रोपेलर शाफ्ट सोडला की तो हातब्रेक आणि गिअरमध्ये ठेवलेली गाडी, दोन्ही निकामी होतात आणि गाडी मोकळी होते. त्या क्षणी फक्त ठोकळेच तिला धरून असतात.

गाडी जॅकवर ठेवून खाली शिरू नये. लोखंडी घोड्या लावूनच शिरावे. विटा रचून गाडी ठेवण्याची सवय अनेकांना आहे, ती सोडून द्यावी. वीट एकाएकी फुटते, आधी सूचना देत नाही.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस जोडूनच खाली येतात. त्यांचा भार एका माणसाने छातीवर घेण्यासारखा नाही. ट्रॉली जॅक आणि एक समजूतदार सोबती पाहिजेच. हाताखाली असलेल्या लहान मुलाला खाली झोपवून वजन झेलायला लावणे हा गुन्हा समजावा.

गिअरबॉक्सच्या आधारावर इंजिनाची मागची बाजू टेकलेली असते. तो आधार काढण्यापूर्वी इंजिनाच्या तेलाच्या टाकीखाली जाड फळी ठेवून जॅकचा टेकू द्यावा. नुसता जॅक लावला तर टाकीचा पत्रा आत जातो.

आणखी एक धोका डोळ्यांना दिसत नाही. जुन्या क्लच प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतो. त्याची धूळ श्वासाबरोबर फुफ्फुसात गेली तर तेथेच राहते आणि पुष्कळ वर्षांनी जिवावर बेतणारे आजार, अगदी कर्करोगही, होऊ शकतो. म्हणून बेल हाउसिंगमधली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने किंवा तोंडाने फुंकून उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी, फडके पिशवीत बांधून टाकावे, तोंडावर चांगला मास्क ठेवावा. घरातल्या मुलांना त्या वेळी अंगणात येऊ देऊ नये. गॅरेजचे काम करणाऱ्या आमच्या बांधवांनी तर हे रोजच्या रोज पाळावे, कारण ग्राहकाचा संबंध एका दिवसाचा, त्यांचा जन्माचा आहे.

माल पारखून घ्यावा

कापड घेताना आपण पोत पाहतो, किनार पाहतो, मगच थान उचलतो. सुट्या भागांचेही तसेच आहे. जुनी प्लेट आणि प्रेशर प्लेट दुकानात सोबत न्यावी. नवी प्लेट जुनीवर ठेवून व्यास, खाचांची संख्या आणि तुंब्याची उंची ताडून पाहावी. एकाच नावाच्या जीपमध्ये वेगवेगळ्या सालांत वेगवेगळे गिअरबॉक्स आले, त्यामुळे गाडीच्या नुसत्या नावावर माल घेऊ नये.

जुन्या प्लेटला नवे अस्तर मारून देणारे कारागीर आहेत. त्यांचे काम प्रामाणिक असेल आणि प्लेटचा तुंबा व स्प्रिंगा शाबूत असतील, तर ते वापरण्यास हरकत नाही. मात्र तीच प्लेट नव्या खोक्यात घालून नवी म्हणून विकली जात असेल, तर तो व्यापार नव्हे. प्लेटची सर्व रिबिटे सारख्या खोलीवर आहेत का, स्प्रिंगा हाताने खुळखुळतात का, तुंब्याच्या खाचा चकचकीत झिजलेल्या आहेत का, हे पाहिले की नवी व जुनी ओळखू येते.

प्लेट बदलताना रिलीज बेअरिंग आणि पायलट बुश हेही बदलावेत. त्यांची किंमत थोडी असते. परंतु ते बदलण्यासाठी पुन्हा सगळा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. काटकसर येथे महाग पडते.

जोडण्यापूर्वीची तपासणी

प्रथम तेल कोठून येते ते पाहावे. क्लच घसरण्याचे कारण पुष्कळदा झीज नसून तेल असते. इंजिनाच्या मागच्या सीलमधून किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या बाजूने तेल गळून प्लेटवर जाते. सील न बदलता नवी प्लेट घातली तर तीही त्याच वाटेने जाईल. तेल प्यालेली प्लेट पेट्रोलने धुऊन किंवा शेकून पुन्हा घालणारे आहेत. वरून ती कोरडी दिसते, गरम झाली की आतले तेल पुन्हा वर येते. अशी प्लेट टाकून द्यावी.

मग फ्लायव्हीलचा चेहरा पाहावा. त्यावर निळे डाग, बारीक तडे किंवा बोटाला लागणाऱ्या खोल रेषा असतील, तर ते काढून लेथवाल्याकडे न्यावे. जालना हे पोलाद कारखान्यांचे शहर असल्याने चांगल्या टर्नरची येथे उणीव नाही. हलकी चमक असेल तर पॉलिश पेपरने मोडावी. नंतर फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटचा चेहरा तेल न सोडणाऱ्या क्लीनरने पुसून कोरडा करावा. नवी प्रेशर प्लेट गंजू नये म्हणून तिला पातळ तेल लावलेले असते, तेही पुसावे. यानंतर ग्रीसच्या हातांनी कोणत्याही चेहऱ्याला शिवू नये.

प्रेशर प्लेटचे झाकण घरी खोलू नये. आतल्या स्प्रिंगा मोठ्या दाबाखाली असतात, सुटल्या तर तोंड फोडतात. तीन बोटांची जुनी प्रेशर प्लेट असेल, तर तिन्ही बोटे एका उंचीवर आहेत का हे सरळ पट्टी धरून पाहावे. कमी-जास्त असल्यास ते जमवण्याचे काम उस्तादाचे आहे, आपले नव्हे.

रिलीज बेअरिंग रॉकेलमध्ये बुडवून धुऊ नये. त्याचे ग्रीस कारखान्यातून आत भरलेले असते, ते विरघळले की थोड्याच दिवसांत बेअरिंग ओरडू लागते. पायलट बुश पितळी असेल तर बसवण्यापूर्वी काही तास इंजिनाच्या तेलात भिजत ठेवावा.

प्लेट मधोमध बसवणे

आता मुख्य काम. प्रथम नवी प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर हाताने सरकवून पाहावी. ती अडखळत असेल तर गाडीतही अडखळेल. खाचांना अगदी पातळ ग्रीस लावून, प्लेट दोन-तीनदा मागे-पुढे करून, बाहेर आलेले ग्रीस पुसून काढावे. जास्त ग्रीस फिरता फिरता उडून अस्तरावर जाते.

प्लेटला दोन बाजू आहेत. स्प्रिंगांचा उंचवटा किंवा तुंब्याची लांब बाजू सर्वसाधारणपणे गिअरबॉक्सकडे असते. काही प्लेटांवर फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असते. एकदा आमच्या गाडीचे काम परगावी एका गॅरेजात घाईने झाले. बाजारच्या दिवशी निघताना क्लच सुटेना, पायडल कितीही दाबले तरी गिअर पडेना. पुन्हा खोलले तेव्हा प्लेट उलटी निघाली, तुंबा फ्लायव्हीलच्या बोल्टांवर घासत होता. अर्ध्या मिनिटाच्या तपासणीने ते वाचले असते. म्हणून जुनी प्लेट काढतानाच तिच्यावर खडूने ‘इंजिन’ असे लिहून ठेवावे.

प्लेट मधोमध धरण्यासाठी उत्तम साधन म्हणजे भंगारात मिळणारा त्याच गिअरबॉक्सचा जुना शाफ्ट. तो न मिळाल्यास टर्नरकडून लाकडाचा किंवा लोखंडाचा तसा दांडा करून घ्यावा. पुढचे टोक पायलट बुशाच्या मापाचे आणि मधला भाग प्लेटच्या तुंब्याच्या मापाचे असले की झाले. हा दांडा प्लेटमधून बुशात घालावा, मग प्रेशर प्लेट वर ठेवावी. जुनीच प्रेशर प्लेट वापरत असाल, तर खोलताना केलेल्या खुणा जुळवाव्यात, म्हणजे तोल बिघडत नाही.

सर्व बोल्ट आधी हाताने लावावेत. मग समोरासमोरचे बोल्ट, प्रत्येक खेपेला फक्त एक-दोन आटे, असे फिरत फिरत आवळावेत. एकच बोल्ट पूर्ण आवळला तर झाकण वाकडे होते आणि पुढे क्लच सोडताना गाडी थरथरते. शेवटी टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तकातील आकड्याप्रमाणे आवळावे. दांडा हाताने सहज बाहेर आला आणि सहज परत गेला, तर प्लेट मधोमध आहे. तो अडकला तर बोल्ट सैल करून पुन्हा जमवावे. हातोडा घेऊ नये.

गिअरबॉक्स चढवणे

बहुतेक कामे येथे बिघडतात, कारण माणूस थकलेला असतो आणि दिवस मावळत आलेला असतो.

फाटा, त्याचा टेकू आणि रिलीज बेअरिंग जागेवर आहेत याची खात्री करावी. मग दोन लांब बोल्ट घेऊन त्यांची डोकी कापावीत व टोकाला स्क्रूड्रायव्हरसाठी खाच पाडावी. हे दोन बोल्ट समोरासमोरच्या भोकांत बसवले की ते वाटाड्याचे काम करतात. गिअरबॉक्स त्यांच्यावरून सरळ रेषेत पुढे येतो.

ट्रॉली जॅकने गिअरबॉक्स इंजिनाच्या रेषेत आणावा. इंजिन मागे झुकलेले असेल तर गिअरबॉक्सही तितकाच झुकवावा. गिअर टाकून ठेवावा, ट्रान्सफर केसचा दांडा न्यूट्रलवर नसावा. मग सोबत्याने मागची फ्लॅन्ज हाताने हळूहळू फिरवावी. त्याबरोबर पुढचा शाफ्ट फिरतो, खाचा प्लेटच्या खाचांना मिळतात आणि गिअरबॉक्स पुढे सरकतो. शेवटी त्याचा चेहरा समोरच्या चेहऱ्याला हाताच्या ढकलण्यानेच टेकला पाहिजे.

बोटभर अंतर उरले आणि पुढे जात नाही, अशी वेळ येते. तेव्हा मनात येते की बोल्ट लावून आवळू, आपोआप ओढला जाईल. हे कदापि करू नये. शाफ्ट बुशाच्या तोंडावर अडलेला असतो. बोल्टांनी ओढले तर बुश फुटतो, प्लेटचा तुंबा वाकतो किंवा गिअरबॉक्सचा कान तुटतो. तसेच गिअरबॉक्स अर्धा घालून तसाच लटकत ठेवून चहाला जाऊ नये. सगळे वजन प्लेटच्या तुंब्यावर येते आणि नवी प्लेट वाकते. अडले तर मागे घ्यावे, रेषा पाहावी, पुन्हा घालावे. दोन्ही चेहरे टेकल्यावरच बोल्ट लावावेत.

त्यानंतर मागचा आधार, प्रोपेलर शाफ्ट, मीटरची केबल, हातब्रेक आणि गिअरचे दांडे जोडावेत. गिअरबॉक्समधील तेल पाहावे. इंजिनाखालचा टेकू सर्वांत शेवटी काढावा.

पायडलचा खेळ आणि चाचणी

सळई किंवा केबलच्या क्लचमध्ये पायडलला वरच्या बाजूस थोडा मोकळा खेळ ठेवावा लागतो. जुन्या जीपमध्ये तो साधारण पाऊण ते सव्वा इंच असतो. आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडा प्रमाण मानावा. खेळ मुळीच नसेल तर बेअरिंग सतत बोटांवर घासते, क्लच पूर्ण पकडत नाही आणि नवी प्लेट जळते. खेळ फार असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही.

चाचणी घोड्या काढून, चारही चाके जमिनीवर ठेवून, समोर माणूस नसताना करावी. इंजिन सुरू करून क्लच दाबावा, चार-पाच सेकंद थांबावे आणि रिव्हर्स टाकावा. करकर न वाजता पडला तर क्लच सुटतो आहे. मग गाडी मोकळी चालवून पाहावी. पहिले काही दिवस पूर्ण माल लादू नये, म्हणजे अस्तर बसते. आठ-दहा दिवसांनी खेळ पुन्हा मोजावा. काम केल्याची तारीख, किलोमीटर आणि भागांचा खर्च खतावणीत लिहून ठेवावा. पुढच्या वेळी तोच कागद उपयोगी पडतो.

क्लच टिकवावा कसा?

क्लच जळतो तो बहुधा पायामुळे. चालवताना पायडलवर पाय टेकवून ठेवणे, चढावर ब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर गाडी रोखणे आणि काळ्या मातीच्या चिखलात क्लच घसरवत इंजिन रेटणे या तीन सवयी त्याला लवकर संपवतात. चिखलात फोर व्हील टाकून लो रेंज घ्यावी आणि क्लच पूर्ण सोडून हळू निघावे. लो रेंज त्यासाठीच दिलेली असते, परंतु अनेकांच्या गाडीत तो दांडा वर्षानुवर्षे हलतही नाही.

शेवटी एवढेच सांगावयाचे की, घरी काम करणे म्हणजे कारागिराची मजुरी बुडवणे नव्हे. फ्लायव्हील टर्नरकडे, बोटांची जमवाजमव उस्तादाकडे, अस्तर मारणे त्या कारागिराकडे, ही कामे त्यांचीच आहेत आणि त्यांचे दाम रोख व वेळेवर द्यावे. आपण करावयाचे काम म्हणजे साफसफाई, तपासणी आणि घाई न करता जोडणे. ज्याला यांपैकी घाई टाळणे जमणार नाही, त्याने गाडी गॅरेजलाच न्यावी. मात्र गॅरेजात उभे राहून प्लेटची बाजू, बोल्ट आवळण्याची रीत आणि गिअरबॉक्स हाताने टेकतो की बोल्टांनी ओढला जातो, या तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात. मिस्त्री चांगला असेल तर त्याला याचा राग येणार नाही.